आमचं घर कुठल्या यादीत आहे?

मुंबईतल्या सर्व लोकप्रतिनिधींना, आणि सैनिकांच्या व त्यांच्या घरच्यांच्या कल्याणाचं काम ज्यांच्याकडे आहे त्या सर्व अधिकाऱ्यांना,

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी कामावरून आले तर दाराच्या फटीत एक लिफाफा खोचलेला होता. आत तीन ओळींचं पत्र. ‘आपण नमूद केलेल्या बाबींसाठी या कार्यालयाकडे स्वतंत्र तरतूद नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. तो अर्ज मी आणि काकींनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, मिळून लिहिला होता. त्यांचा मुलगा फौजेच्या ट्रेनिंगला गेलाय, आणि त्याच्यामागे घरच्यांना येणाऱ्या अडचणी त्यात मांडल्या होत्या. दीड पानाचा अर्ज, पण लिहायला तीन संध्याकाळी गेल्या, कारण काकी दर वाक्याला म्हणायच्या, “एवढं नको लिहू गं, त्याला तिकडे त्रास व्हायचा.”

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या खिडकीवरच्या बाई आमच्याशी नीट बोलल्या होत्या, काकींना बसायला खुर्चीही दिली होती. आम्ही त्यांच्या नियमात बसत नाही, हे सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. हा प्रश्न एका टेबलाचा नाही, म्हणून पत्र सगळ्यांना लिहिते आहे आणि उघड लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते. गेले तीन महिने जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न तोच असतो: “तुम्ही त्यांच्या कोण?”

मी भांडुप पश्चिमेला डोंगरावरच्या वस्तीत राहते. वय २१. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाशी एप्रिलमध्ये माझा साखरपुडा झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला गेला. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी वारले. घरी आई एकटी. त्यांना मी लहानपणापासून काकी म्हणते, अजून तेच तोंडात बसलंय. काकी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जातात.

तो कुठल्या केंद्रात आहे हे लिहीत नाही. फौजेतल्या माणसाचा ठावठिकाणा असा उघड करू नये, हे त्यानेच जाताना बजावलं होतं. आपल्याकडची मुलं कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातात, कुणी मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटच्या, कुणी नाशिक रोडला तोफखान्याच्या, आणि नौदलात निवड झालेली ओडिशात आयएनएस चिल्काला. यांपैकी कुठलंही धरा. मला जे सांगायचं आहे ते इकडचं, घरचं आहे.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. तिच्यावर भांडणारे आणि तिची बाजू घेणारे भरपूर बोलून झालेत, त्यात मी पडत नाही. आमच्या घरापुरतं जे महत्त्वाचं तेवढं सांगते. नोकरी चार वर्षांची, ट्रेनिंग त्यातच धरलेलं. जमिनीवर लढणाऱ्या शिपायाचं ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचं. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात येतात २१,०००. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम घेतलं जाणार, बाकीची सेवा निधीचे पैसे घेऊन घरी येणार. परत आलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. आणि भरती होताना मुलगा अविवाहित असला पाहिजे, चार वर्षांत लग्न करायचं नाही.

हे सगळं माहीत असूनच आम्ही साखरपुडा केला. घरच्यांनी समजावलं, शेजारच्यांनी समजावलं, माझ्या मामाने तर चार दिवस बोलणं टाकलं होतं. चार वर्षं थांबायची माझी तयारी आहे आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार नाही. पण लग्न करायचं नाही हा नियम तुमचा. तो पाळला म्हणून मी त्याची कुणीच नाही, असं मला प्रत्येक खिडकीवर ऐकावं लागतं. हे मला गप्प बसून सहन होत नाही.

आता एकेक सांगते.

फोन. ट्रेनिंगला गेल्यावर मोबाइल जमा करतात आणि रविवारी थोडा वेळ देतात, हे बरोबरच आहे. मुलगा तिथे शिपाई व्हायला गेलाय, दिवसभर मोबाइल बघायला नाही. पण रविवारी नेमक्या किती वाजता, हे कुणी सांगत नाही. कधी सकाळी नऊला येतो, कधी दुपारी चारला, एका रविवारी आलाच नाही. आमच्या लॅबमध्ये रविवारी सकाळी सगळ्यात जास्त गर्दी असते. नोकरदार माणसं सुट्टी बघून उपाशीपोटी तपासणीला येतात, दारापर्यंत रांग असते. मेच्या शेवटच्या रविवारी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला होता, शीर सापडत नव्हती, दोनदा चाचपून तिसऱ्यांदा सापडली आणि मी सुई आत घातली. तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन थरथरायला लागला. मला कळलं कुणाचा ते. ट्यूब भरेपर्यंत हात हलवता येत नाही. एक ट्यूब भरली, दुसरी लावली. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. कापूस दाबून धरायला सांगून मी खिशात हात घातला तेव्हा दोन मिस्ड कॉल होते. उलटा लावला तर बंद. ते आजोबा म्हणाले, “पोरी, दुखलं मला, आणि डोळ्यांत पाणी तुझ्या?” पुढचा रविवार उजाडेपर्यंत मी तो फोन रोज मनात उचलत होते. लॅबच्या मॅडमना सांगून आता मी रविवारी दोन तास मधे सुट्टी मागून घेते, पण ते दोन तास कुठले मागायचे हेच मला माहीत नसतं.

पत्रं मात्र पोचतात. पहिलं पत्र आलं तेव्हा काकींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, मी संध्याकाळी जाऊन वाचून दाखवलं. त्यात सगळे नवे शब्द होते. उस्ताद म्हणजे ट्रेनिंग देणारे, रगडा म्हणजे शिक्षेची मेहनत, लंगर म्हणजे जेवणघर, फॉल-इन म्हणजे रांगेत उभं राहणं. केस कापल्यावर आरशात स्वतःला ओळखलं नाही, असं लिहिलं होतं. शाळेनंतर त्याने हाताने चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आता दोन पानं लिहितो. मी अंतर्देशीय पत्र घ्यायला गेले तर टपाल कार्यालयात तीन आठवडे संपलेलीच होती. अडीच रुपयांचं निळं पत्र, आणि त्यासाठी मी भांडुप, नाहूर, मुलुंड अशी फिरले. आता दिसली की वीस घेऊन ठेवते.

पाणी. मुंबईला पाणी शुद्ध करून देणारं भांडुप संकुल आमच्या भांडुपातच आहे. आणि आमच्या वरच्या गल्लीत पाणी येतं पहाटे साडेचारला, तेही बारीक धारेने, पाऊण तास. तो असताना पाइप लावणं, मोटर चालू करणं, दोन ड्रम आणि सगळे हंडे भरणं हे त्याचं काम होतं. भरून झालं की तो तसाच खाली उतरून हायवेच्या सर्व्हिस रोडला पळायला जायचा. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, ते गणित त्याने दोन वर्षं उराशी धरलं होतं. आता काकींकडचं पाणी मी भरते. काकींच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. साडेचारला उठून त्यांच्याकडचं, मग आमच्याकडचं, मग सातच्या आत लॅब. हे काही मोठं काम नाही, आमच्या वस्तीत प्रत्येक बाई करते. सांगते अशासाठी की मुलगा ट्रेनिंगला जातो तेव्हा घरातून नुसता पगार जात नाही, दोन हातही जातात. त्या दोन हातांचा हिशोब कुठल्याच कागदावर नसतो.

ओटीपी. वडील गेल्यावर घरातलं सगळं त्याच्या मोबाइल नंबरवर आलं. गॅस, बँक, रेशन, सगळं. सिलिंडर घेऊन माणूस दारात येतो आणि कोड मागतो. कोड गेलेला असतो शेकडो किलोमीटरवर, कुलूपबंद कपाटातल्या फोनवर. जूनमध्ये सिलिंडर दारातून परत गेला आणि काकींनी अकरा दिवस आमच्या घरी स्वयंपाक केला. रेशनच्या ई-केवायसीला दुकानदार म्हणाला, मुलाला घेऊन या नाहीतर नाव कमी होईल. तो मिलिटरीत गेलाय म्हटलं तर म्हणाला, तसं लेखी आणा. लेखी कोण देणार? जिथे मागायला गेलो तिथे विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?” काकींना विचारलं, “मुलाचा नंबर काय?” मोबाइल नंबर नव्हे, फौजेतला नंबर. तो तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हता.

आणि आता ती रात्र, जिच्यामुळे आम्ही अर्ज लिहिला.

जुलैचा तिसरा आठवडा, मंगळवार. संध्याकाळपासून पाऊस धरला होता. आमच्या डोंगरावर दर पावसाळ्याआधी घरं रिकामी करा अशी नोटीस येते. ती आम्ही घडी घालून ठेवतो, कारण जायचं कुठे ते तिच्यात लिहिलेलं नसतं. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात रात्रीत माणसं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हापासून जुलैतला असा पाऊस लागला की आमच्याकडे कुणी गाढ झोपत नाही. रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली. मी छत्री आणि टॉर्च घेऊन काकींकडे गेले. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मागच्या संरक्षक भिंतीच्या दगडांमधून पाणी येत होतं. रोजचं स्वच्छ झिरपणारं नव्हे, लाल, दाट, चहासारखं. मी हात लावला तर बोटांना माती लागली. काकींना म्हटलं, उठा. त्यांनी देव्हाऱ्यातून पत्रांची पिशवी घेतली, त्याचे दाखले घेतले, आणि दुसरं काही घेतलं नाही. पालिकेच्या शाळेत आम्ही पोचलो आणि अर्ध्या तासात त्यांच्या वरच्या घराजवळची भिंत खाली आली. माणसं सगळी बाहेर पडली होती, कुणाला काही झालं नाही. काकींच्या मोरीत कमरेइतका चिखल भरला.

सकाळी मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले. भांडुपला दरड कोसळली, भांडुपला दरड कोसळली. मला एकच भीती होती, हे त्याच्या कानावर जाईल आणि आई आहे की नाही हे त्याला कळणार नाही. आमच्याकडे एक लँडलाइन नंबर होता. तो लागला, पण पलीकडच्या माणसाने विचारलं, कुठली कंपनी, काय नंबर, तुम्ही कोण? मी म्हटलं, होणारी बायको. ते म्हणाले, आई-वडिलांना बोलायला सांगा. मी काकींना फोन दिला. काकींना हिंदी धड बोलता येत नाही, त्या नुसत्या “मैं ठीक है, उसको बोलो, मैं ठीक है” म्हणत राहिल्या. निरोप घेतला की नाही कळलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. शेवटी विक्रोळीला माझ्या मैत्रिणीच्या काकांच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार निघाले. त्यांनी कुणाला तरी फोन केला, त्या कुणीतरी पुढे. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्यापर्यंत निरोप पोचला.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते. निरोप पोचला त्या मिनिटाला त्याच्या उस्तादांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून दिला. त्याला पेपरातून बुधवारीच समजलं होतं. अडीच दिवस तो तसाच पळत होता, रायफल घासत होता, आणि सांगायचं कुणाला हे त्याला उमजत नव्हतं, कारण रडका रिक्रूट म्हणून नाव पडेल याची भीती. उस्ताद म्हणाले, आधीच बोलायचं होतंस. म्हणजे तिकडच्या माणसांना माया आहे. इकडच्या लोकांनाही आहे. मधली तारच कुणी जोडलेली नाही. ती ओळखीवर जोडली गेली, आणि ज्यांची ओळख नाही त्यांचं काय होतं ते मला माहीत नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, सगळे त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. काकींचं माहेर त्याच भागातलं. साखरपुड्यानंतर आम्ही तिकडे देवदर्शनाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या एका चुलत आजींनी मला जवळ बसवून घेतलं. त्यांचे मालक १९७१ च्या लढाईत होते. त्या म्हणाल्या, “आमच्या वक्ताला घराघरात एक गडी मिलटरीत. एकीला कागूद आला की समद्यांना वाचून दाखवायची. कुणाची म्हातारी आजारी पडली तर पेन्शनर गडी चावडीवरनं तार करायचा. एकटं बसून वाट बघितली न्हाई कुणी.” तिथे वाट बघायचीसुद्धा एक रीत होती आणि ती रीत गावाने सांभाळली होती.

मुंबईत ती रीत नाही. मुंबईचा यात दोष नाही, या शहराला तशी सवयच लागली नाही. आमच्या अख्ख्या गल्लीत फौजेत गेलेला तो पहिलाच. इथे लोकांना दुबईला गेलेला नवरा समजतो, जहाजावर गेलेला समजतो. ट्रेनिंगला गेलेला कुणाला समजत नाही. कौतुक करतात, खरंच मनापासून करतात, आणि पुढच्या वाक्यात विचारतात, “चार वर्षांनी काढून टाकलं तर?” काकींना हे दिवसातून दोनदा ऐकावं लागतं, पोळ्या लाटता लाटता.

लोकप्रतिनिधींना हे सांगायचं आहे की त्याची निवड झाली तेव्हा नाक्यावर बॅनर लागला होता. त्याचा फोटो, फुलांची चौकट, अभिनंदन. काकींनी त्या बॅनरसमोर उभं राहून फोटो काढून घेतला, तो अजून त्यांच्या मोबाइलवर पहिला आहे. त्या बॅनरचं मला वाईट वाटलं नाही, आनंदच झाला. पण बॅनर उतरला त्यानंतर आमच्या घराकडे कुणी फिरकलं नाही. जुलैत शाळेत आम्ही ज्या तीन रात्री काढल्या तेव्हाही नाही. खिचडीची पातेली आली, चटया आल्या, ते सगळ्यांसाठी होतं आणि त्याबद्दल आभार. पण बॅनरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं, त्याची आई याच शाळेच्या तिसऱ्या वर्गात खाली बसली आहे, हे कुणाला माहीतही नव्हतं.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. शाळेपासून आम्ही सगळ्यांनी त्यात रुपया-दोन रुपये टाकलेत. तो पैसा माजी सैनिकांसाठी, वीरपत्नींसाठी, जखमी जवानांसाठी जातो आणि तसाच जावा. त्यांच्या वाट्यातलं आम्हाला काही नको. राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे, जिल्ह्याजिल्ह्यात त्याची कार्यालयं आहेत, ही केवढी तरी मोठी व्यवस्था आधीच उभी आहे. तिच्यात एक दार उघडायचं आहे: जो मुलगा भरती होऊन ट्रेनिंगला गेलाय, त्याच्या घरच्यांसाठी.

आमच्या मागण्या लिहिते. पैशाची एकही नाही.

मुलगा गाडीत बसण्याआधी त्याच्या घरच्यांची एक बैठक घ्या, तासाभराची, मराठीत. त्यात एक कागद हातात द्या. टपालाचा पूर्ण पत्ता, मुलाचा क्रमांक कधी आणि कसा कळेल, फोन कोणत्या दिवशी आणि कुठल्या दोन तासांत येईल, पगार कधी जमा होईल, विमा कसला आणि कितीचा, ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या कसम परेडला कुणाला येता येतं. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो हे काकींना माझ्याकडून कळलं आणि मला मोबाइलवर वाचून. आईला ही गोष्ट कुणीतरी समोर बसवून, हळू आवाजात सांगायला हवी होती.

चोवीस तास उचलला जाईल असा एक आपत्कालीन नंबर द्या, आणि तिथे मराठी समजणारं कुणी ठेवा. रोज फोन करून कुणी विचारणार नाही की पोरगा जेवला का. आई दवाखान्यात आहे, घर पडलं आहे, किंवा घर पडलं पण आई ठीक आहे, एवढं त्या दिवशी त्याच्या कानावर जावं.

भरतीच्या फॉर्मवर आई-वडिलांखेरीज आणखी एका माणसाचं नाव लिहायची जागा ठेवा, मुलाच्या मर्जीने. मोठी बहीण असेल, शेजारी असेल, साखरपुडा झालेली मुलगी असेल. त्याने सही करून ज्याचं नाव दिलं, त्याला निरोप देता आला पाहिजे आणि घेता आला पाहिजे. वारसा हक्क मागत नाही, पेन्शन मागत नाही. निरोपापुरता हक्क द्या. ज्या मुलांच्या घरी एकटी, फारसं न शिकलेली आई आहे त्यांच्यासाठी हे फार गरजेचं आहे, आणि अशी घरं आमच्यासारख्या वस्त्यांत पुष्कळ आहेत.

ट्रेनिंग सुरू झालं की एक दाखला घरी टपालाने यावा: हा मुलगा अमुक तारखेपासून प्रशिक्षणात आहे, त्याच्या गैरहजेरीत ही व्यक्ती घरचं काम पाहते. आणि तो दाखला रेशन दुकानापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांनी मानावा असा आदेश राज्य सरकारने काढावा.

महापालिकेला आणि नगरसेवकांना सांगणं आहे की आपल्या प्रभागातून कोण मुलं ट्रेनिंगला गेली आहेत याची यादी करा. बॅनर लावताना नाव-पत्ता तुमच्याकडे आलेलाच असतो. त्यातली कुठली घरं डोंगरउतारावर, नाल्याकाठी, धोकादायक इमारतीत आहेत ते पाहा. पाऊस लागला की तिथे एक फेरी मारा. पालिकेच्या १९१६ या मदतीच्या नंबरला फोन आम्हीही करतो, पण त्या रात्री काकींना दारात येऊन उठा म्हणणारं माझ्याखेरीज कुणी नव्हतं. मी रात्रपाळीला असते तर?

शेवटची मागणी लहान आहे. महिन्यातून एकदा एखादं समाजमंदिर, शाळेचा वर्ग, काहीही, दोन तास मोकळं करून द्या. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कांजूरमार्ग, इकडून जेवढी मुलं गेली असतील त्यांच्या घरच्यांनी तिथे बसावं. एखादे निवृत्त सुभेदार किंवा हवालदार आले तर फार बरं. काकींना विचारायचं असतं की एवढं पळून त्याचे पाय सुजत असतील का, दूध मिळतं का, रडला तर मारतात का. मला विचारायचं असतं की पत्रात तो हल्ली कमी का लिहितो. हे प्रश्न आम्ही एकमेकींना विचारतो आणि दोघींनाही उत्तर येत नाही. काकी माझ्यासमोर रडत नाहीत, मी त्यांच्यासमोर. पाणी भरायला पहाटे जाते तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले असतात आणि त्या म्हणतात, धूर गेला डोळ्यांत. गॅसच्या शेगडीला धूर नसतो.

लग्नाच्या अटीबद्दल मी मागणी केलेली नाही, ती मुद्दामच टाळली आहे. ट्रेनिंगच्या काळात ती अट मला पटते. उरलेल्या वर्षांसाठीही ती हवीच का, याचा विचार योजना चालवणाऱ्यांनी करावा, कारण मुलीकडच्यांचा धीर सुटतो. माझ्यासाठी मामा आत्ताच एक स्थळ घेऊन येऊन गेला. मी चहा करून दिला आणि सांगितलं की माझं ठरलंय.

परवाच्या रविवारी फोन आला तो अकरा वाजून वीस मिनिटांनी. मी तयारीत होते. त्याने विचारलं, अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, उत्तर यायचंय. ते तीन ओळींचं पत्र मी त्याला सांगितलं नाही, कारण त्याला पुन्हा आठवडाभर पळायचं होतं. काकींच्या मोरीची भिंत गल्लीतल्या पोरांनी बांधून दिली, हे मात्र सांगितलं. गणपतीत ढोलाला या वर्षी त्याच्या जागी कोण, हेही त्याने विचारलं.

आपलं उत्तर लेखी यावं, एवढी विनंती. पत्ता मूळ अर्जावर आहे, काकींच्या नावाने पाठवलंत तरी चालेल. त्यांच्या दारातलं टपाल मी रोज बघते.

आपली विश्वासू,
एका अग्निवीराची होणारी बायको
भांडुप (पश्चिम), मुंबई